लंडन ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंतर एकच, मग जायला आठ तास आणि यायला सात कसे? या एका प्रश्नावरून हे पान सुरू झालं आणि मग प्रश्नांची रीघच लागली. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तिथे नुसता क्रमांक दिला आहे. वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे आहेत.

१. लंडनहून न्यूयॉर्क विमानाने किती किलोमीटर आहे?

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ सुमारे ५,५५० किलोमीटर. हे पृथ्वीच्या गोलाव्यावरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर. प्रत्यक्षात विमान याहून थोडं जास्तच उडतं. उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेमुळे पडणारा वळसा, वारा बघून निवडलेला मार्ग आणि उतरण्याआधीच्या घिरट्या हे सगळं त्यात वाढतं.

समुद्राची धास्ती असलेल्यांसाठी एक दिलासा: या साडेपाच हजारांत निखळ समुद्र ३,००० किलोमीटरच्या आसपासच आहे. आयर्लंडचा पश्चिम किनारा सुटला की कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा पूर्व किनारा येईपर्यंत. बाकीच्या प्रवासात खाली किंवा जवळपास कुठेतरी जमीन असते.

२. एका साइटवर ५,५४०, दुसरीवर ५,५५५, तिसरीवर ५,५७० किमी लिहिलंय. खरं कुठलं?

तिन्ही खरे, मोजण्याची रीत वेगळी. पृथ्वी तंतोतंत गोल धरली की हीथ्रो-जेएफके अंतर ५,५४० येतं. ध्रुवांपाशी ती किंचित चपटी आहे हे हिशेबात घेतलं की ५,५५५ च्या आसपास जातं. आणि विमानतळांऐवजी दोन्ही शहरांचे मध्य घेतले की ५,५७०. विमानाच्या दृष्टीने हा फरक दोन मिनिटांचा आहे, त्यावर वाद घालू नये.

खरा घोळ मैलांत होतो. जमिनीवरचे मैल घेतले तर हे अंतर सुमारे ३,४५०. विमानवाले मात्र सागरी मैल वापरतात आणि त्यात ते जवळजवळ बरोब्बर ३,००० भरतं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ३,००० ला नेहमीच्या १.६ ने गुणून ‘अंतर तर ४,८०० किमीच आहे, तुमचं पान चुकलंय’ असं कळवणारे अधूनमधून भेटतात.

३. जायला किती तास आणि यायला किती?

वेळापत्रकावर लंडनहून न्यूयॉर्कला साधारण आठ तास आणि न्यूयॉर्कहून लंडनला साधारण सात तास. कंपनी आणि हंगाम यांप्रमाणे पंधरा-वीस मिनिटं इकडे-तिकडे. यात जमिनीवर सरपटण्याचा वेळही धरलेला असतो. निव्वळ हवेतला वेळ काढायचा तर दोन्हीकडून अर्धा ते पाऊण तास वजा करा. हा फरक नीट समजून घ्यायचा असेल तर प्रश्न १२ वाचा.

४. पण जाताना जास्त आणि येताना कमी, असं का?

वारा. उत्तर अटलांटिकवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदी वाहत असते. तिला जेट प्रवाह म्हणतात. ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्या सीमेवर ती तयार होते. हिवाळ्यात हा तापमानातला फरक वाढतो, म्हणून तेव्हा ती सर्वांत जोरात असते. शंभर-दीडशे किमी वेग रोजचाच. जोर आला की तीनशेच्या पुढे.

विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमीच्या आसपास असतो. लंडनकडे येताना विमान या प्रवाहात जाऊन बसतं आणि वाऱ्याचा वेग त्याच्या वेगात मिळवला जातो. न्यूयॉर्ककडे जाताना तोच वेग वजा होतो. नदीतून होडी नेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सीटसमोरच्या पडद्यावर ‘जमिनीवरचा वेग’ असा आकडा दिसतो. पुढच्या वेळी तो बघा. पूर्वेकडे येताना तो १,००० च्या वर सहज जातो, पश्चिमेकडे जाताना ८०० ला रेंगाळतो. विमान तेच, इंजिनं तीच.

५. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग विमान हवेत असताना न्यूयॉर्कच जवळ यायला हवं!

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि विचारणारा दरवेळी थोडा संकोचलेला असतो. संकोच करायचं कारण नाही, शंका चांगली आहे.

उत्तर असं, की पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते. लंडन ज्या अक्षांशावर आहे तिथे जमीन ताशी हजारभर किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते आहे. हवा जागच्या जागी राहिली असती तर आपल्याला चोवीस तास तेवढ्या वेगाचं वादळ झेलावं लागलं असतं. विमान उडण्याआधीपासूनच त्या फिरण्यात सामील असतं आणि उडाल्यावरही राहतं. धावत्या रेल्वेत उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच.

गंमत अशी की पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण आडवळणाने. उबदार हवा ध्रुवाकडे सरकू लागते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ती पूर्वेकडे वळते. त्यातूनच जेट प्रवाहाला दिशा मिळते. म्हणजे पृथ्वीचं फिरणं न्यूयॉर्कला जाणाऱ्याला मदत तर करत नाहीच, उलट समोरून वारा पाठवतं.

६. जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, म्हणजे एकूण हिशेब सारखाच ना?

नाही. वाटतं तसं, पण होत नाही. कागद घ्या. अंतर ५,५५० किमी, विमानाचा वेग ९००, वारा सरासरी १००.

वारा नसता तर एका फेरीला ६ तास १० मिनिटं, जाऊन-येऊन १२ तास २० मिनिटं. आता वारा धरा. जाताना वेग ८००, वेळ ६ तास ५६ मिनिटं. येताना वेग १,०००, वेळ ५ तास ३३ मिनिटं. बेरीज १२ तास २९ मिनिटं. नऊ मिनिटं गेली कुठे?

समोरचा वारा तुम्हाला जास्त वेळ छळतो आणि पाठचा वारा कमी वेळ मदत करतो. जाताना तुम्ही त्या वाऱ्यात जवळजवळ सात तास असता, येताना साडेपाचच. म्हणून दोन्ही बाजूंना तोच वारा मिळाला तर एकूण तोटाच होतो. वारा जितका जोरदार तितका तोटा मोठा. प्रत्यक्षात वैमानिक जाताना प्रवाह टाळून आणि येताना त्यात शिरून ही तूट कमी करतात.

७. पडद्यावरच्या नकाशात विमान सरळ न जाता वर कॅनडाकडे वाकडं का जातं? इंधन वाया नाही जात?

वाकडा नकाशा आहे, विमान सरळच जातंय. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की जवळची रेघ कमानीसारखी दिसते.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या. एक टोक लंडनवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. मी हे एका लहान मुलाला दाखवायला म्हणून केलं आणि स्वतःच बघत बसलो. दोरा लंडनहून निघतो तो वायव्येला. आयर्लंडमध्ये तो शॅननच्या डोक्यावरून जातो. भर समुद्रात सुमारे ५४ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे लंडनच्याही वर चढतो, मग खाली वळतो आणि न्यूफाउंडलंडमध्ये नेमका गँडरवर येतो. शॅनन आणि गँडर ही दोन छोटी गावं विमानांच्या इतिहासात एवढी मोठी का झाली, ते त्या दोऱ्याने सांगून टाकलं. जुन्या विमानांना एका दमात एवढं अंतर जमत नसे. इंधन घ्यायला किनाऱ्याजवळची, सरळ रेघेवरची हीच दोन ठिकाणं होती.

न्यूयॉर्क लंडनपेक्षा जवळजवळ ११ अंश दक्षिणेला, माद्रिदच्या रांगेत आहे. तरी तिकडे जायला आधी उत्तरेला झुकावं लागतं. सपाट नकाशावरची ‘सरळ’ रेघ पकडून गेलं तर अंतर ५,७७० किमीच्या घरात जाईल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर जास्त.

८. मग रोज त्याच मार्गाने का जात नाहीत? माझं विमान एकदा आइसलंडच्या जवळून गेलं, एकदा बरंच खालून.

कारण जवळचा मार्ग आणि लवकरचा मार्ग हे दोन वेगळे आहेत. रोजच्या वाऱ्यांचा अंदाज घेऊन अटलांटिकवर समांतर वाटा आखल्या जातात आणि त्या दिवसातून दोनदा बदलतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. पश्चिमेच्या वाटांना ए, बी, सी अशी वर्णमालेच्या सुरुवातीची अक्षरं, पूर्वेच्या वाटांना शेवटची, झेडपासून मागे. जाताना जेट प्रवाह चुकवायला उत्तरेकडे आइसलंडपर्यंत सरकणं परवडतं. येताना प्रवाह दक्षिणेला असेल तर त्यासाठी दक्षिणेकडे जाणंही परवडतं. शे-दोनशे किलोमीटर जास्त उडून वीस मिनिटं वाचत असतील तर कोण नाही म्हणेल?

वाहतूक सांभाळणारी केंद्रं मुख्यतः दोन. पूर्वेकडचं शॅनविक (शॅनन आणि प्रेस्टविक यांच्या नावांची सांधणी), पश्चिमेकडचं गँडर. ३० अंश पश्चिम रेखांशावर एक दुसऱ्याच्या हाती विमान सोपवतं. समुद्राच्या मध्यावर किनाऱ्याचं रडार पोचत नाही. पूर्वी विमानं ठरावीक रेखांश ओलांडले की रेडिओवरून आपली जागा कळवत. २०१९ पासून उपग्रह विमानांचे संकेत टिपू लागले आणि विमानांमधलं सक्तीचं अंतर कमी करता आलं.

९. जाताना सूर्य मावळतच नाही, हे खरं का?

मावळतो, पण रेंगाळत. ५० अंश अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे १,०७० किमी वेगाने फिरते आणि तुमचं विमान ताशी ८००-९०० ने सूर्याच्या मागे धावतं. पाठलाग थोडक्यात हुकतो. दुपारी निघालात तर खिडकीतली संध्याकाळ काही तास चालते. कॉन्कॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाचा वेग पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा जास्त होता. हिवाळ्यात लंडनला सूर्यास्तानंतर निघालेल्या प्रवाशांना सूर्य पश्चिमेकडून वर येताना दिसायचा.

१०. लंडनला ११ वाजता निघालो तर तिथे किती वाजता पोचेन? माझा हिशेब दरवेळी चुकतो.

न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनच्या पाच तास मागे. जाताना प्रवासाचे तास मिळवा आणि पाच वजा करा: ११ अधिक ८ म्हणजे १९, वजा ५, म्हणजे दुपारी २ ला न्यूयॉर्क. येताना प्रवासाचे तासही मिळवा आणि पाचही मिळवा: रात्री ८ ला निघालात, अधिक ७, अधिक ५, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला लंडन.

म्हणूनच परतीची बहुतेक विमानं संध्याकाळी निघून पहाटे-सकाळी पोचतात. सकाळी न्यूयॉर्क सोडून रात्री लंडनला उतरवणारी काही मोजकी उड्डाणं आहेत. मिळाली तर घ्या, का ते प्रश्न २० मध्ये. तारखेची आंतरराष्ट्रीय रेषा इथे मध्ये येत नाही, ती प्रशांत महासागरात आहे. तारीख बदलते ती फक्त मध्यरात्र ओलांडल्यामुळे.

११. मार्चमध्ये तिकीट काढलं तर फरक चारच तासांचा दिसतोय. साइट चुकली का?

साइट बरोबर आहे. दोन्ही देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, पण एकाच दिवशी नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक चार तास. शरद ऋतूत ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. तेव्हा नेमका एक आठवडा चार तासांचा.

उड्डाणाचा वेळ बदललेला नसतो, भिंतीवरचं घड्याळ बदललेलं असतं. पुढचं विमान किंवा बैठक जुळवताना एवढंच ध्यानात ठेवा.

१२. तिकिटावर ८ तास, आणि वैमानिक म्हणाला ‘आजचं उड्डाण ७ तास ५ मिनिटांचं’. कोण खरं बोलतंय?

दोघेही, पण दोघांची घड्याळं वेगळी. वैमानिक चाकं जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचं सांगतो. तिकिटावरचा वेळ विमान विमानतळाच्या दारापासून, म्हणजे गेटपासून, मागे ढकललं जातं तिथपासून दुसरीकडे दाराशी थांबेपर्यंतचा असतो. न्यूयॉर्कला संध्याकाळी रांगेत अर्धा तास सहज जातो, तो याच खात्यात.

शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी शिल्लक ठेवतात. गर्दी, वारा, धावपट्टीची रांग गृहीत धरून वेळ फुगवला की उशीर झाला तरी कागदावर ‘वेळेत’. मला ही चलाखी वाटते आणि सोयही वाटते. पुढचं विमान पकडायचं असेल तर फुगवलेला वेळच बरा.

१३. वाऱ्यामुळे आम्ही ४० मिनिटं आधी लंडनवर आलो आणि मग वर घिरट्या घालत बसलो. असं का?

हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि सकाळी अमेरिकेकडून येणारी विमानं एकदमच थडकतात. तेव्हा चार ठरावीक ठिकाणी, बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन इथे, विमानं एकावर एक थर लावून गोल फिरत ठेवतात. खालचं उतरलं की वरचं एक पायरी खाली येतं. त्यात पहाटे सहाच्या आधी आवाजामुळे उतरण्यावर बंधनं आहेत, म्हणून फार लवकर येऊनही उपयोग नसतो.

उतरल्यावरही सुटका नाही. ज्या दाराशी लावायचं तिथे आधीचं विमान उभं असतं. एकदा वेळेच्या अर्धा तास आधी चाकं टेकली म्हणून आम्ही टाळ्या पिटल्या आणि मग तेवढाच वेळ खिडकीतून समोरचं रिकामं होणारं दार बघत बसलो.

१४. उशीर झाला तर भरपाई कुठल्या वेळेवर मोजतात? आमचं विमान २ तास ५५ मिनिटं उशिरा टेकलं, दार उघडलं ३ तास ५ मिनिटांनी.

विमानाचं दार उघडल्याच्या वेळेवर. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं की प्रवाशांना उतरता येईल असं निदान एक दार उघडतं तो क्षण म्हणजे पोचणं. ब्रिटनचा नियम त्याच मुळातून आला आहे. तुमच्या बाबतीत भरपाईसाठीची तीन तासांची मर्यादा ओलांडली गेली.

लंडनहून निघणारं कोणत्याही कंपनीचं विमान या नियमात येतं. न्यूयॉर्कहून लंडनला येणारं मात्र कंपनी ब्रिटिश किंवा युरोपीय असेल तरच. या अंतराला रक्कम माणशी ५२० पौंड, आणि उशीर तीन ते चार तासांच्या दरम्यान असेल तर निम्मी करता येते. वादळासारखं कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर काही नाही. तेव्हा उशीर झाला की दार उघडतानाची वेळ टिपून ठेवा.

१५. लंडनचे आणि न्यूयॉर्कचे विमानतळ अनेक आहेत. कुठला घेतला तर वेळ वाचतो?

हवेत फरक नगण्य. नेवार्क जेएफकेपेक्षा वीस-पंचवीस किलोमीटर लांब, म्हणजे दोन मिनिटं. नेवार्क न्यू जर्सी राज्यात आहे म्हणून लोक बिचकतात, पण मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला जायचं असेल तर तोच सोयीचा, रेल्वे अर्ध्या तासात मॅनहॅटनमधल्या पेन स्टेशनला आणते. ला ग्वार्डिया शहराला जवळ आहे, पण तिथून लांबची उड्डाणं जवळजवळ बंद आहेत. १,५०० मैलांची मर्यादा आहे. लंडनच्या बाजूला हीथ्रोवर पर्याय सर्वाधिक, गॅटविक दुसरा.

१६. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ एकच ना?

नाही, आणि याचं सर्वांत झकास उदाहरण याच मार्गावरचं आहे. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणं. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, मध्ये थांबा असला तरी.

२००९ ते २०२० ब्रिटिश एअरवेजचं एक छोटं विमान, एअरबस ए३१८, फक्त ३२ सीटांचं, लंडन सिटी विमानतळाहून जेएफकेला जायचं. सिटीची धावपट्टी इतकी आखूड की पूर्ण टाकी भरून उडताच यायचं नाही. मग ते कमी इंधनावर उडून शॅननला उतरायचं. तिथे टाकी भरेपर्यंत प्रवासी अमेरिकेची पासपोर्ट-तपासणी उरकायचे आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशांसारखे थेट बाहेर पडायचे. परतताना वारा पाठीशी आणि उतरताना टाकी हलकी, म्हणून थांबा नाही. एकाच मार्गावर जाताना डायरेक्ट, येताना नॉनस्टॉप. आणि थांबा पुन्हा शॅननलाच, प्रश्न ७ मधल्या दोऱ्यावर.

१७. आइसलंडमार्गे स्वस्त मिळतंय. किती वेळ वाढेल?

अंतर सुमारे पाचशे किलोमीटरने वाढतं, म्हणजे उडण्याचा पाऊण तास. एक जादा उतरणं-चढणं आणि मधलं थांबणं धरून दीड-दोन तासांची जोडणी असेल तर एकूण तीनेक तास जास्त. जोडणी सहा तासांची असेल तर पैसे वाचले की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

१८. भर समुद्रात एक इंजिन बंद पडलं तर? आता तर सगळी विमानं दोनच इंजिनांची.

एका इंजिनावर विमान उडतं, थोडं खाली येऊन आणि हळू. नियम असा की मार्गावरच्या कुठल्याही बिंदूपासून ठरावीक मिनिटांत, एका इंजिनावर, उतरण्याजोगा विमानतळ गाठता आला पाहिजे. १९८५ मध्ये दोन इंजिनांच्या बोइंग ७६७ ला १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि अटलांटिकवरची तीन-चार इंजिनांच्या विमानांची मक्तेदारी ढासळू लागली. आज १८० मिनिटं सर्रास चालतात.

आसऱ्याची ठिकाणं: शॅनन, आइसलंडमधलं केफ्लाविक, गँडर, कॅनडातलं गूस बे आणि दक्षिणेला अझोर्स बेटांवरचं लाजेस. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा एकट्या गँडरला ३८ प्रवासी विमानं उतरली. सुमारे दहा हजार वस्तीच्या गावात साडेसहा हजारांहून जास्त पाहुणे.

१९. समुद्रावर धक्के जास्त बसतात का? वाढलेत असं वाटतं.

वाटतं ते खरं आहे. धक्के जेट प्रवाहाच्या कडेला बसतात, जिथे जवळजवळच्या थरांत वाऱ्याचा वेग झपकन बदलतो. ढग नसतात, म्हणून दिसत नाहीत. रीडिंग विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात उत्तर अटलांटिकवरच्या एका नेहमीच्या ठिकाणी अशा तीव्र धक्क्यांचा काळ १९७९ ते २०२० मध्ये ५५ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. विमान त्याने मोडत नाही. पट्टा न लावलेला माणूस मात्र छताला आपटतो.

२०. जेट लॅग कुठल्या बाजूला जास्त?

लंडनकडे येताना. शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्याला दिवस ताणणं जमतं, आखूड करणं नाही. वर रात्रीचं उड्डाण सात तासांचं. त्यात जेवण, चढणं-उतरणं वजा केलं की झोप जेमतेम चार तास. म्हणून दिवसाचं परतीचं उड्डाण मिळालं तर घ्या, असं प्रश्न १० मध्ये म्हटलं.

२१. आजवर सर्वांत कमी वेळात कोण गेलं? आणि एवढं तंत्रज्ञान सुधारून आता वेळ कमी का होत नाही?

प्रवासी विमानांत कॉन्कॉर्डने ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क-लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं. ध्वनीच्या वेगाखालच्या प्रवासी विमानांत फेब्रुवारी २०२० मध्ये, कियारा वादळाच्या वेळी, एका बोइंग ७४७ ने ४ तास ५६ मिनिटं घेतली. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३२७ किमीपर्यंत गेला होता. ‘म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडला की!’ असं लगेच कोणीतरी लिहितं. नाही. भोवतालच्या हवेत त्याचा वेग नेहमीचाच होता, ती हवाच ताशी तीनशेहून जास्त वेगाने पळत होती.

दुसऱ्या भागाचं उत्तर जरा जिरवायला जड आहे. ४ ऑक्टोबर १९५८ ला या मार्गावर जेट प्रवासी सेवा सुरू झाली. बीओएसी या तेव्हाच्या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट ४ हे जेट विमान त्या दिवशी न्यूयॉर्कहून लंडनला ६ तास ११ मिनिटांत आलं. आजही हवेतला वेळ जवळजवळ तेवढाच. न्यूयॉर्कला जाणाऱ्या कॉमेटला मात्र गँडरला इंधनासाठी उतरावं लागलं आणि १० तास २२ मिनिटं लागली. सुधारणा झाली ती तिथे: आज कोणी उतरत नाही, दोन इंजिनांत काम भागतं आणि माणशी इंधन कितीतरी कमी जळतं. वेग वाढला नाही, कारण ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा अडथळा एकदम उसळतो. तो ओलांडायची किंमत कॉन्कॉर्डने मोजली आणि शेवटी ती परवडली नाही.

२२. एका दिवसात लंडनहून न्यूयॉर्कला जाऊन परत येता येईल का?

चोवीस तासांत येईल, एका तारखेत नाही. सकाळी साडेआठला निघा, साडेअकराला न्यूयॉर्क. संध्याकाळी सहाला परत निघा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लंडन. साडेएकवीस तास झाले. हातात साडेसहा तास उरतात, त्यातले पासपोर्टची रांग, शहरात जाणं-येणं आणि परतीच्या उड्डाणाआधीची हजेरी यांत चार-पाच जातात. एक जेवण होईल.

एका तारखेत हे जमत होतं ते १९७७ ते २००३, कॉन्कॉर्ड असेपर्यंत. सकाळी साडेदहाला लंडन सोडलं की न्यूयॉर्कला त्याच सकाळचे साडेनऊ वाजायच्या सुमारास उतरायचं. निघालेल्या वेळेच्या आधी. दुपारच्या विमानाने परत फिरलं की त्याच रात्री लंडन, आणि खिशातल्या दोन्ही बोर्डिंग पासांवर एकच तारीख.